विहिरीत उतरलेला युरिया

भूजलाच्या प्रदूषणाची बातमी आली की आर्सेनिक आणि नायट्रेट ही दोन नावे शेजारी शेजारी छापली जातात. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा गुणवत्ता अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हाही तसेच झाले. वाचणाऱ्याला वाटते, दोन्ही पाण्यातलीच विषे. एकाच खात्याने, एकाच यंत्राने ती काढून टाकावीत. मला वाटते, या दोघांना एका ओळीत बसवल्यामुळेच टेंभुर्णीसारख्या ऊसपट्ट्यातला प्रश्न आपल्याला नीट दिसत नाही. आर्सेनिक खडकातून, गाळातून येते. नायट्रेट आपण ओततो. पहिल्यापुढे माणूस हतबल असू शकतो, दुसऱ्यापुढे हतबल असल्याचे सांगणे म्हणजे जबाबदारी टाळणे आहे.

आधी आर्सेनिकचे बघू. त्याचे घर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात आहे. हिमालयातून वाहून आलेल्या कणांवर लोहाचा थर असतो, त्या थराला आर्सेनिक चिकटलेले असते. गाळात खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. तळ्यातल्या पाण्याने पटकी-हगवण होते म्हणून बांगलादेशात १९७० च्या दशकापासून घरोघर नळकूप बसवले गेले. हेतू चांगलाच होता. पण स्वच्छ, थंड, जंतू नसलेल्या त्या पाण्याने लाखो लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर घट्टे उठले आणि पुढे कर्करोग आले. पश्चिम बंगालमधले पहिले रुग्ण कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखले. पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे, यावरून त्याची जात कळावी.

आपल्या पायाखाली मात्र तो गाळ नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. आर्सेनिकचे राज्याच्या सीमेलगतचे एक ठिकाण म्हणजे गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडातली अंबागड चौकीची बाजू, आणि तिथला खडकच वेगळा आहे. म्हणून आर्सेनिकच्या बातम्या वाचून सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने घाबरण्याचे फारसे कारण नाही. त्याने त्याच अहवालातला पुढचा आकडा वाचावा. देशभरच्या १५,२५९ ठिकाणच्या नमुन्यांपैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत आर्सेनिक मर्यादेबाहेर होते. नायट्रेट जवळपास २० टक्के नमुन्यांत मर्यादेबाहेर होते, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर होते. म्हणजे आपल्या राज्यात तपासलेल्या दर तीन ठिकाणांमागे एकाहून अधिक. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, नांदेड आणि बीड आहेत. बीडचे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याच्याकडे यायचे आहे.

टेंभुर्णी माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. जवळच भीमानगरला उजनी धरण. पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. उजनीच्या आधी इथे ज्वारी, तूर, करडई होती, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे प्रत्येक घरात होती. १९८० च्या सुमारास धरण पुरे झाले, कालवे फिरले, आणि पुढच्या दोन पिढ्यांत ऊस, केळी, डाळिंब यांनी हा भाग ओळखू येईनासा केला. सोलापूर आज राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा आहे; टेंभुर्णीच्या आसपासचा ऊस न्यायला पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी कारखान्यासह अनेक कारखान्यांची चढाओढ असते. पक्की घरे, मुलींची कॉलेजे, दवाखान्याचा खर्च पेलण्याची ताकद हे सगळे त्या पाण्याने दिले. जे लोक पुण्या-मुंबईत बसून ऊस हे आळशाचे पीक म्हणतात, त्यांनी हमखास भाव असलेले दुसरे पीक दाखवावे. तोडल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम निदान कागदावर तरी फक्त उसाला आहे. दुष्काळ पाहिलेल्या घराने त्याला धरून राहणे हे शहाणपण होते.

त्या शहाणपणाची एक बाजू मात्र जमिनीखाली साठत गेली. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नायट्रोजनची शिफारस आहे. पूर्वहंगामीला ३४०, सुरूला आणि खोडव्याला २५०. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो, म्हणजे सगळा नायट्रोजन युरियातून द्यायचा तर आडसालीला एकरी जवळजवळ आठ पोती लागतात. ही झाली शिफारस. प्रत्यक्षात कोण किती टाकतो हे प्रत्येकाला आपापल्या बांधावर माहीत आहे. युरिया टाकला की दोन पाण्यात पिकाला काळोखी येते, आणि शेजारच्या फडाची काळोखी बघून आपल्याला अजून एक पोते टाकावेसे वाटते.

दिलेल्या नायट्रोजनपैकी पीक निम्म्याहून कमीच उचलते. उरलेल्यातला काही हवेत उडतो, काही मातीच्या सेंद्रिय भागात अडकतो, आणि बाकीचा खाली जातो. युरियाचे आधी अमोनियम होते, मग मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमला चिकणमाती धरून ठेवते. नायट्रेटवर मात्र मातीच्या कणांसारखाच ऋण भार असतो, त्यामुळे माती त्याला धरतच नाही. पाणी जाईल तिथे ते जाते. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिले मोठे पाणी सरळ मुरमापर्यंत उतरते आणि नायट्रेट बरोबर नेते. त्याखाली बेसॉल्ट. या खडकात पाणी साठवायला जागा थोडी. जे काही पाणी असते ते मुरमात आणि फटींत. गंगेच्या गाळात शेकडो फूट पाण्यात मिसळून विष विरळ होण्याची तरी सोय आहे. आपल्याकडे पाच-सहा परस विहिरीत जे आले ते तेवढ्याच पाण्यात राहते. बोअर खोल असले तरी केसिंग मुरूम संपेपर्यंतच घातलेले असते, आणि वरच्या फटींतले पाणी कडेने खाली ठिबकत राहते.

पुढचा हिशोब मला सर्वात अस्वस्थ करतो, म्हणून तो पुरता मांडतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही कमाल मर्यादा आहे, आणि दुसरा पर्याय नसेल तरी तिच्यात सूट नाही. एक किलो नायट्रोजनचे सुमारे ४.४ किलो नायट्रेट होते. एवढे नायट्रेट ९८ हजार लिटर निखळ पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. तीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी उभे असेल तर ते साधारण चार लाख लिटर भरते. ते सगळे बिघडवायला चार किलो नायट्रोजन पुरे, म्हणजे युरियाचे पाव पोतेही नाही. आडसालीच्या एका हेक्टरातून दिलेल्या खताचा फक्त चौथा हिस्सा, शंभर किलो, खाली गेला असे धरले, तरी त्याला मर्यादेत ठेवण्यासाठी त्या हेक्टरावर एक मीटर उंचीचे पाणी जमिनीत मुरावे लागेल. आपला सगळा पाऊस मिळून अर्धा मीटर आहे, आणि त्यातला थोडासाच मुरतो.

म्हणजे पाऊस येऊन पाणी आपोआप सुधारेल, ही आशा गणितात बसत नाही.

याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणावर टाकणे सोपे आहे आणि खोटे आहे. २०१० मध्ये केंद्राने खतांच्या अनुदानाची पद्धत बदलली, पण युरियाला त्या बदलाबाहेर ठेवले. आज युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि डीएपीचे १,३५० ला. ज्या दुकानात नायट्रोजन असा जवळजवळ फुकट आणि स्फुरद-पालाश महाग आहे, तिथे माणूस काय उचलेल? २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला येतो, त्यामुळे त्याचे नायट्रेट जरा सावकाश होते. २०१८ मध्ये पोते ५० किलोचे ४५ किलोचे केले, पोती तेवढीच टाकली तर खत आपोआप कमी पडेल या आशेने. पोत्याचे वजन कमी करून सवय बदलत नाही. आणि विजेचे काय? आठवडा-आठवडा रात्रीची लाईट असते. थंडीत, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत रात्री दोन वाजता दारं धरायला गेलेला माणूस सरीत पाणी सोडून बांधावर बसणार, आणि सरी भरून पाणी पुढे वाहत राहणार. त्या जादा पाण्याबरोबर संध्याकाळी टाकलेला युरिया खाली जातो. कालव्यावरच्या उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला. बांधावरून बघितले तर त्या सक्तीचा माग लागत नाही.

आपल्याकडे पाण्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोट लगेच वरच्या अंगाला जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते; जलाशय हिरवा पडतो, जलपर्णी माजते. हा राग खरा आहे आणि तो आणखी मोठ्याने व्यक्त झाला पाहिजे. पण त्या रागाच्या आडोशाला आपली विहीर लपते. पुण्याची घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या भागातली माणसे पाणी जिभेवर पारखतात: हे मचूळ, ते सवळ, त्या मळ्यातले गोड. गोड लागणाऱ्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट असू शकते. तुरटी फिरवून ते जात नाही, टीसीएल टाकून जात नाही, आणि उकळल्याने तर वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. विहिरीला लागून असलेला उकिरडा, गोठ्याचे वाहते मूत, घरोघरचे शोषखड्डे हेही नायट्रेटच देतात. तेही आपलेच आहे.

या पाण्याने होते काय, हे पहिल्यांदा स्वच्छ सांगितले ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरने, १९४५ मध्ये. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध प्यायलेली तान्ही बाळे निळी-काळी पडत होती. हृदयात दोष नव्हता, फुप्फुसात नव्हता. आतड्यात नायट्रेटचे नायट्राइट होत होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असे बदलत होते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नव्हता. मोठ्या माणसाचे शरीर हा बदल उलटवून घेते. पहिल्या काही महिन्यांच्या बाळात ती ताकद पुरती आलेली नसते, आणि जुलाब लागले असतील तर धोका वाढतो. अंगावर पिणारे बाळ बहुतेक सुरक्षित असते. धोका आहे तो बाटलीवरच्या बाळाला. पाण्याची ४५ किंवा ५० ची मर्यादा जगभर याच बाळांकडे बघून ठरली आहे. मोठ्यांचा प्रश्न नंतर उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये, शरीरात नायट्रोसो संयुगे तयार होतील अशा परिस्थितीत पोटात गेलेले नायट्रेट माणसाला बहुधा कर्करोगकारक, असे म्हटले. डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे वाढते प्रमाण लिटरला चार मिलिग्रॅमच्या आसपासच दिसू लागले, म्हणजे आपल्या मर्यादेच्या दहाव्या भागाहून खाली. असा संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे खरे. पण ४५ च्या खाली आहोत म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले.

आता बाटलीवरचे बाळ इथे कुठे आहे ते बघू. टेंभुर्णी गावात ते फारसे धोक्यात नाही. गावात नळ आहे, पाच रुपयांत वीस लिटर देणारे एटीएम आहे, दारात जार येतो, स्वयंपाकघरात आरओ लागले आहेत. वस्तीवरच्या बागायतदाराच्या घरीही आरओ आहे. ज्याने युरिया टाकला तो त्याच शेताखालचे पाणी आता पीत नाही. ते पितात ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, जालना, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्या. फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात आणि जवळची विहीर किंवा शेतातले बोअर हेच पाणी. पहाटे अंधारात कोयता निघतो, नवरा-बायको दोघे. तान्हे मूल कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ राहते, किंवा फडाच्या कडेला झोळीत. आईला दिवसभर अंगावर पाजता येत नाही. दुधात पाणी घालून बाटली दिली जाते. कॉम्लीने सांगितलेले सगळे तिथे एकत्र येते: शेतावरचे पाणी, बाटली, जुलाब. ते बाळ मलूल झाले, ओठ निळसर झाले, तर नायट्रेटची शंका कोणाला येईल? आणि हे कुटुंब ज्या बीडहून आले, त्या जिल्ह्याचे नाव त्या अहवालाच्या यादीत आहेच. घरी असताना तेच, पोट भरायला आल्यावर तेच.

म्हणून आरओ हे उत्तर म्हणून मला मान्य नाही. ते नायट्रेट काढते, यात वाद नाही. पण काढलेले नायट्रेट नष्ट होत नाही. ज्या पाण्यात ते गोळा होते ते पाणी मोरीतून पुन्हा त्याच जमिनीत जाते, आधीपेक्षा जास्त दाट होऊन. शिवाय ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला ते प्रश्नातून बाहेर काढते, आणि तो बाहेर पडला की विहिरीबद्दल बोलणारा कोणी उरत नाही. गावातल्या ज्या माणसांचे ग्रामपंचायतीत आणि कारखान्यात ऐकले जाते, नेमकी तीच माणसे विहिरीचे पाणी पिणे आधी थांबवतात.

सरकारी यंत्रणा नाही असे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे, तिच्या प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने नेतो; जलस्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना तपासणीचा संच वापरायला शिकवले आहे. पण हे सगळे सार्वजनिक स्रोतासाठी. शेतातली खाजगी विहीर कोणाच्याच वहीत नाही, आणि टोळी तर गावच्या लोकसंख्येतही नाही. इथे बांगलादेशाकडून शिकण्यासारखे आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथे सुमारे पन्नास लाख नळकूप तपासले गेले आणि प्रत्येकाच्या तोंडाला रंग दिला: आर्सेनिक तिथल्या मर्यादेबाहेर असेल तर लाल, नसेल तर हिरवा. महागड्या यंत्रांपेक्षा त्या रंगाने अधिक माणसे वाचवली, कारण लाल नळाचे घर पाणी भरायला शेजारच्या हिरव्या नळावर जाऊ लागले. निरक्षर बाईलाही वाचता येईल असा तो अहवाल होता. आपल्या विहिरींच्या कठड्यावर असा रंग द्यायला किती खर्च येतो?

पण रंग पिणाऱ्यासाठी झाला. विहिरीचा अहवाल खताच्या दुकानातही वाचला गेला पाहिजे. उसाच्या एका हेक्टराला पाटपाण्याने वर्षाला वीस हजार घनमीटर पाणी लागते. ते ४५ मिलिग्रॅम नायट्रेटच्या विहिरीतून दिले तर त्याबरोबर सुमारे दोनशे किलो नायट्रोजन शेतात जातो, म्हणजे युरियाची जवळजवळ दहा पोती. शेतकरी जे एकदा विकत घेऊन जमिनीखाली घालवून बसला, तेच मोटारीने उपसून पुन्हा रानात टाकतो आहे, आणि वर पुन्हा नवी पोती आणतो आहे. विहिरीतले हे खत शिफारशीतून वजा करायचे, एवढे जरी कृषी सहायकाने आणि दुकानदाराने सांगितले तरी दोन गोष्टी होतील: पैसे वाचतील, आणि ऊस स्वतःच ते पाणी हळूहळू धुऊन काढेल. त्याला ठिबकमधून थोडे थोडे खत देण्याची जोड हवी, एका दमात चार पोती फेकण्याची नव्हे. डेन्मार्कने हेच केले. १९८६ मध्ये तिथल्या समुद्रात प्राणवायू संपून मेलेली शेवंडे जाळ्यात आली, १९८७ मध्ये संसदेने नायट्रोजन निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम मंजूर केला, पुढे प्रत्येक शेताचा खताचा जमाखर्च सक्तीचा झाला. शेतांतून पाझरणारे नायट्रोजन दीड-दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आले आणि तिथली शेती काही बुडाली नाही.

असा जमाखर्च आपल्याकडे कोण ठेवील, असे विचारतात. कारखाने आजच ठेवतात. उसाची नोंद करताना शेतकी विभागाला गट नंबर, लागणीची तारीख, जात, पाण्याचे साधन सगळे लागते. कारखान्याचा चिटबॉय प्रत्येक फडावर जातो. त्याच नोंदीत विहिरीच्या नायट्रेटचा एक रकाना वाढवायचा आहे आणि नमुन्याची एक बाटली आणायची आहे. मग टोळी कुठल्या फडावर उतरणार हे ठरतानाच तिथले पाणी कसे आहे हे मुकादमाला लेखी मिळू शकते, आणि ते ४५ च्या वर असेल तर हंगाम संपेपर्यंत पिण्याच्या पाण्याचा टँकर पाठवणे कारखान्यावर बंधनकारक करता येते. पन्नास कोयत्यांची टोळी दिवसाला सत्तर-पंचाहत्तर टन ऊस तोडते. तिच्या शंभर-दीडशे माणसांना पिण्या-स्वयंपाकाला हजार-दीड हजार लिटर लागते. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होतो, म्हणजे हाही बोजा शेवटी शेतकऱ्यावर पडेल, अशी तक्रार येईल. पडेल, टनामागे काही रुपयांचा. तो त्याने द्यावा असे मी शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहूनच म्हणतो, कारण आज तीच किंमत कोपीतले मूल देत आहे, आणि त्या उसाच्या बिलातला एक रुपयाही त्याच्या वाट्याचा नाही.